हिरव्या पेटीचा बेंजो

मुंबईत लालबागच्या कुठल्याही गल्लीत ‘बेंजो’ म्हणा, अमेरिकेतलं ते चामडं ताणलेलं गोल वाद्य कुणाच्या मनातही येणार नाही. आमचा बेंजो म्हणजे आडवी लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा, डाव्या हाताखाली बटणं, उजव्या हातात नखी आणि पेटीच्या कडेला अ‍ॅम्प्लिफायरची वायर खोचायचं भोक. गणपतीचं आगमन, हळद, वरात, विसर्जन, सगळीकडे ढोल-ताशाच्या वर जो सूर कापत जातो तो याचा. रचना बघितली तर ही आडवी झोपवलेली, बटणं लावलेली इलेक्ट्रिक गिटारच आहे.

माझ्याकडचा बेंजो जुना आहे आणि कुठल्याही कंपनीचा नाही. पेटी सागाची, वर फिकट हिरवा सनमायका, बटणं गोल. गल्लीतल्या एका बेंजो पार्टीनं नवं वाद्य घेतलं, तेव्हा हा माळ्यावर जायच्या ऐवजी माझ्याकडे आला. सुतार आणि रेडिओ दुरुस्त करणारा अशा दोघांनी मिळून तो घडवला असणार. सांधे इतके नेटके की नख शिरत नाही, आणि आतलं वायरिंग मात्र जुन्या रेडिओतून काढलेल्या तुकड्यांचं.

गोल बटणं उगाच नाहीत. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टाइपरायटरच्या कळांवरून कल्पना घेऊन एक तंतुवाद्य तयार केलं. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो राजवट सुरू झाली होती, म्हणून त्याचं नाव ताइशोगोतो. हे वाद्य बंदरांमागून बंदरं करत निघालं. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं, बलुचिस्तानात बेंजू झालं, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तारब संगीतात जाऊन बसलं.

बेंजोचं दुसरं मूळ अमेरिकेतलं. १९३१ मध्ये लॉस एंजेलिसला जॉर्ज बीचम यांनी चुंबकीय पिकअप बसवलेली गिटार तयार केली आणि पुढे ती रिकनबॅकरच्या कारखान्यातून बाजारात आली. आकारामुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणजे तळणीचा तवा म्हणत. गंमत अशी, की इलेक्ट्रिक गिटारचा हा आद्य नमुना गळ्यात अडकवायचा नव्हताच. हवाईयन पद्धतीनं मांडीवर आडवा ठेवून वाजवायचा होता. आपल्याकडे व्हॅन शिप्ली यांनी त्याच जातीच्या गिटारवर हिंदी चित्रपटगीतं वाजवली, त्याच्या रेकॉर्डी निघाल्या आणि खपल्या. तेव्हा आडवं वाद्य आणि विजेचा आवाज ही जोडी आमच्या बेंजोवाल्यांनी पहिल्यांदा जमवली असं नाही. त्यांनी तिला रस्त्यावर आणलं.

लालबागच्या आसपासच्या गिरण्यांच्या भागात, म्हणजे गिरणगावात, बेंजो रुजायला कारणं साधी होती. ते स्वस्त होतं, सुताराकडून करून घेता येत होतं, आणि भजनात बाजाची पेटी वाजवणाऱ्याला बटणांची ओळख आधीपासूनच होती. शिवाय वाजवायच्या जागा दारातच. चिंचपोकळीचं गणेशोत्सव मंडळ १९२० चं, गणेशगल्लीचं १९२८ चं, लालबागच्या राजाचं १९३४ चं, आणि तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्याआधी आमच्या चाळीत वाजवण्याच्या सुपारीचे पैसे म्हणजे हौसेचे पैसे होते. संपानंतर त्याच पैशांत किराणा येऊ लागला. बेंजोला ‘टपोरी वाद्य’ म्हणणाऱ्यांना हा हिशेब ठाऊक नसतो.

आता या पेटीच्या स्वभावाकडे येतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत नाजूक वीज उमटते, अ‍ॅम्प्लिफायर ती मोठी करतो. म्हणून तार लोखंडाच्या जातीचीच हवी. साध्या बुलबुल तरंगावर खर्जाला पितळी तार चालते, पण इथे पितळी तार छेडली तर पिकअपला तिचा पत्ताच लागत नाही. मी धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये गिटारच्या सुट्ट्या पोलादी तारा घेतो. आणि बटणांखाली लावायचा फेल्ट बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्याकडून आणतो. फेल्ट झिजला की सुराआधी खटखट ऐकू येते.

माझ्या पिकअपला तारेचं वेटोळं एकच. असा पिकअप तारेबरोबर आजूबाजूची वीजही ऐकतो, त्यामुळे ट्यूबलाइट, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर जवळ आले की तो घूं करतो. त्यावर उपाय फार पूर्वी निघाला. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी उलट दिशेची दोन वेटोळी जोडून घूं मारणारा पिकअप बनवला. नव्या बेंजोंवर तसले पिकअप सर्रास मिळतात. दुसरा दोष शिट्टीचा. वेढे मेणात बुडवून घट्ट केलेले नसतील तर आवाज वाढवल्यावर ते स्वतःच थरथरू लागतात आणि कर्ण्यातून किंकाळी निघते. ओळखीच्या एका कारागिरानं सांगितलं, ‘काका, लॅमिंग्टन रोडवरून नवा पिकअप आणून द्या, तासाभरात बसवतो.’ मी नको म्हटलं.

नको म्हणण्यामागे भाबडेपणा नाही. हा बेंजो एका मर्यादेपुढे आवाज वाढवू देत नाही, आणि त्यामुळेच माझा हात सुधारला. आवाज नॉबवर वाढवता येत नाही म्हटल्यावर तो नखीतून काढावा लागतो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ छेडलं तर सूर टोकदार निघतो, चार बोटं अलीकडे आलं तर गोल होतो. कोळीगीताच्या सहा मात्रांत पहिल्या मात्रेवर नखी खाली आणि चौथीवर किंचित हलकी, एवढ्यानंही ठेका झुलायला लागतो. मोठ्या आवाजात हे सगळं सपाट होतं. तिथं नखी कशीही मारा, बाहेर एकच धार येते.

डाव्या हाताचं काम आणखी अवघड. बेंजोवर घोडीच्या सर्वांत जवळचं दाबलेलं बटण बोलतं, त्यामागची बटणं दाबलेली असली तरी गप्प राहतात. म्हणून चढताना बोटं पुढे टाकत गेलं की भागतं, पण उतरताना खालच्या सुराचं बटण आधीच दाबून ठेवावं लागतं. वरचं बोट उचललं की खालचा सूर आपसूक बोलतो. ते जमलं नाही तर प्रत्येक दोन सुरांच्या मध्ये मोकळी तार ‘सा’ ओरडते. नवशिका याच ठिकाणी ओळखू येतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर या वाद्याला नाहीच, कारण बटणांखालच्या पट्ट्या सुराला जागेवर खिळवून ठेवतात. बटण जरा जास्त दाबून सूर केसभर चढवता येतो, तेवढीच मोकळीक. मग गाण्यातला लडिवाळपणा आणायचा कसा? शेजारच्या सुराचा झटपट स्पर्श देऊन, एकाच आघातात दोन-तीन बटणं बोलवून, आणि लांब सुरावर नखी बारीक थरथरवत ठेवून. बेंजोची म्हणून जी चटकदार बोली आपण रस्त्यावर ऐकतो, ती मींड नसल्यामुळेच घडली आहे.

२०१६ मध्ये रवी जाधव यांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, रितेश देशमुख त्यात बेंजोवाला झाला. चार दिवस वाद्याला भाव आला. २०२२ मध्ये बलुचिस्तानातल्या नूर बख्श या वयस्क वादकाचा ‘जिंगुल’ हा अल्बम आला. त्याच्या हातातही इलेक्ट्रिक बेंजूच होता, साथीला दंबुरा. बसून, मन लावून ऐकावं असं ते वादन आहे, आणि त्यासाठी त्याला युरोपातून बोलावणी आली. आपल्याकडे याच वाद्याला खुर्चीवर बसलेला श्रोता क्वचित मिळतो. त्याचा दोष लोकांच्या माथी मारून आम्हा वाजवणाऱ्यांना मोकळं होता येणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर रचणारी पार्टी ती कधीच मागे टाकते. त्या गदारोळात बेंजो आहे की की-बोर्ड, हे वाजवणाऱ्यालाही ओळखू येत नाही. जे वेगळेपण ऐकूच येत नाही, त्याला मान कोण देणार?

माझं मत साधं आहे. बेंजोला मोठ्या आवाजाची गरज नाही, त्याला शांत खोली आणि तासभर बसणारी माणसं हवीत. मंडळांनी दहा दिवसांतली एक संध्याकाळ नुसत्या बेंजो आणि ढोलकीला द्यावी. आणि तुमच्या माळ्यावर किंवा मंडळाच्या खोलीत अशी जुनी पेटी पडली असेल, तर आधी तारा सैल करा, पेटी ओलीपासून आणि उन्हापासून जपा, पिकअप बदलायची घाई करू नका. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी गल्लीतल्या वाजवणाऱ्या एखाद्या पोराला ती दाखवा.