अब्बांची पद्मिनी

जुन्या मोटारींचे शौकीन मूळ रूपाला फार जपतात. म्हणूनच मरहूम अब्बांच्या 1978 च्या प्रीमियर पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक बसवायचं मी ठरवलं, तेव्हा भाईजान नाराज झाले. "अब्बांनी याच ब्रेकवर हयात काढली," ते म्हणाले. खरं आहे. पण तेव्हा पुढची मोटारही ड्रमवरच थांबायची. आज चारोटी नाक्यावरून महामार्गाला लागून तलासरीकडे निघालं, की पुढची गाडी एबीएसवर जागच्या जागी थांबते आणि मागून आपण येत असतो!

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या भांड्याला आतून लायनर दाबतात. सारखा ब्रेक मारला, की भांडं तापून फुगतं, पेडल खोल जातं आणि पकड सुटते. डहाणूच्या पावसात आणखी एक त्रास. डबक्यातून गेलं, की लायनर भिजतात आणि पहिला ब्रेक लागतच नाही. अब्बा डबकं ओलांडल्यावर पेडलवर हलका पाय ठेवून ते वाळवत. आम्हां मुलांना ती त्यांची लकब वाटायची. डिस्क उघडी असते. पाणी झटकते, लवकर निवते.

तरी ड्रमचा एक गुण मानावा लागेल. फिरता ड्रम लायनरला स्वतःच ओढून घेतो, पायाला जोर कमी लागतो. डिस्कमध्ये ही मदत नाही, म्हणून बूस्टर हवा.

तलासरीचा वारली मिस्त्री मात्र भलतंच बोलला. "चाचा, डिस्क नंतर. आधी मास्टर सिलिंडर बदला." आमच्या गाडीत चारही चाकांना एकाच सिलिंडरमधून एकच दाब जायचा. एक नळी फुटली, की चारही चाकं मोकळी. दुहेरी सिलिंडरमध्ये निदान दोन चाकं हाताशी राहतात. शिवाय ड्रमचा जुना सिलिंडर नळीत थोडा दाब धरून ठेवतो. तोच डिस्कला लावला, तर पॅड कायम घासत राहतात. डिस्क लोकांना दाखवता येते, सिलिंडर कुणी पाहत नाही. पण माझ्या मते खर्च करायचा तर आधी तिथेच.

"सफरची दुआ पढून निघायचं, बस," भाईजान म्हणाले. मी म्हटलं, "नबींनी (स.) उंट बांधून मग तवक्कल करायला सांगितलं, भाईजान." ते गप्प झाले. पटलं असं काही म्हणाले नाहीत.

मागचे ड्रम तसेच ठेवले. हँडब्रेक त्यांच्यावरच चालतो, आणि ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून खरं काम पुढच्या चाकांचंच. अच्छाडपर्यंत फेरी मारून आल्यावर मिस्त्रीने चाकांजवळ तळवा धरून पाहिला. डावं जास्त तापलं होतं. होजला पीळ पडला होता. तो सोडवून पुन्हा हवा काढली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. त्याने ती तारीख खडूने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून दिली आहे.