कडूचं पाणी

कडू कारले, तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच. ही म्हण लहानपणापासून कानावर आहे, पण तिच्याकडे कधी वळून पाहिलं नव्हतं. अलीकडे मात्र ती पाठ सोडत नाही.

म्हण माणसाच्या स्वभावाबद्दल आहे, हे कळतं. मला अडतं ते तिच्यातल्या स्वयंपाकापाशी. कारलं तुपात तळून साखरेत घोळवतं कोण? आमच्या नातेपुत्याला तरी मी असं कारलं कुणाच्या ताटात पाहिलेलं नाही. आमच्याकडे पाठीवरचे खवले खरवडतात, चकत्या करतात, मीठ चोळून ठेवतात. सुटलेलं पाणी पिळून टाकायचं, मग फोडणी, काळं तिखट, दाण्याचं कूट, चिंच आणि गूळ. गूळ असतोच, पण तो शेवटी. कारल्यावर पहिला हात पडतो तो मिठाचा. आणि म्हण रचणाऱ्याने नेमकं मीठच वगळलंय.

का वगळलं असेल? एक शक्यता अशी, की तो कधी चुलीपुढे बसलाच नव्हता. ताटात आलेलं खाल्लं, तोंड वाकडं केलं आणि बोलून मोकळा झाला. दुसरी शक्यता अशी, की त्याला मीठ ठाऊक होतं, पण ते घातलं असतं तर म्हण उभीच राहिली नसती. मला तिसरीच शक्यता जास्त खरी वाटते. तूप आणि साखर त्या काळी सणासुदीच्या वस्तू. ज्याच्याकडे त्या मुबलक होत्या, त्याने घरातलं सगळ्यात मोलाचं त्या कारल्यावर ओतून पाहिलं. मीठ त्याला सुचलंच नाही, कारण मीठ स्वस्त. म्हणीत जो वैताग आहे तो मला कारल्याबद्दलचा वाटत नाही. आपण इतकं दिलं आणि समोरचा बदलला नाही, याचा तो वैताग आहे. असं देणारी माणसं मी पाहिली आहेत. ती मनापासून देतात, म्हणून त्यांचा राग फार दिवस टिकतो.

मिठाचं म्हणणं नुसतं आईच्या हाताचं नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल या संस्थेत चव आणि वास यांचाच अभ्यास चालतो. तिथल्या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये लिहिलं की मिठातलं सोडियम जिभेवर कडवटपणा दाबतं, आणि कडू दबलं की त्याच्याखाली अडकलेलं गोड वर येतं. साखरही कडू झाकते, नाही असं नाही, पण त्यासाठी बरीच घालावी लागते. पाडव्याच्या कडुनिंबाच्या चटणीत गूळ, चिंच, ओवा, हिंग आणि मीठ का पडतं, ते मला तेव्हा उमगलं. लहानपणी आम्ही त्यातला गूळ तेवढा मोजत होतो.

हे सगळं मी जिच्यामुळे उकरून काढतो आहे, ती चव आमच्या गावातली नाही. लेक इंग्लंडात डर्बीला असते. तिथून जवळ बर्टन-अपॉन-ट्रेंट म्हणून गाव आहे, ट्रेंट नदीच्या काठी. तिथल्या एका जुन्या पबमध्ये मी बिटर नावाची बिअर प्यालो. माझे वडील माळकरी होते. ज्ञानोबा माउलींची पालखी धर्मपुरीवरून सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्याला मुक्काम करते, त्या रात्री आमच्या ओसरीवर दिंडीतली माणसं झोपत. मी माळ घातली नाही. तरी तो पेला हातात घेताना वडील आठवले, आणि ते आठवणं मला दूर सारावंसं वाटलं नाही.

बिटर थंडगार नसते. तळघरातल्या पिंपात ती जिवंत असते, म्हणजे तिचं आंबणं पिंपातही थोडं चालू असतं. वर दांडा ओढून हाताने उपसतात आणि बारा-तेरा अंशांवर पेल्यात देतात. रंग तांब्याचा. फेस थोडाच, तोही लगेच बसतो. नाकाशी नेली तेव्हा पहिल्यांदा काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास आला आणि मी थबकलो. मागून भाजलेल्या धान्याचा वास, त्याच्याही मागे वाळलेल्या पाल्याचा, थोडा मातकट. पहिला घोट जवळजवळ गोड लागला. कडू कुठे आहे असं विचारेपर्यंत घोट गिळून झाला होता, आणि मग ते आलं, जिभेच्या मुळाशी, कोरडं, ओळखीचं. आलं आणि गेलंच नाही. लेकीशी दुसऱ्याच विषयावर बोलत होतो तरी ते होतं. दारूचं म्हणाल तर चार टक्क्यांच्या आसपास, डोक्यात काही चढलं नाही. मला आवडली. आवडली हे कबूल करायला वेळ लागला नाही, पण काय आवडलं ते अजून सांगता येत नाही.

तो कडवटपणा येतो हॉप्सच्या वेलीच्या बोंडांतून. फगल आणि गोल्डिंग ही तिथली जुनी वाणं. बोंडं धान्याच्या उकळत्या रसात तासभर शिजली की त्यांच्यातली आम्लं रूप बदलतात आणि कडू होतात, शिवाय बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंना अटकाव करतात. त्या टिकाऊपणाचा आपल्याशी संबंध आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या भट्टीतून पिंपं निघत ती आफ्रिकेला वळसा घालून कलकत्ता, मुंबई आणि मद्रासला पोचत. १८२०च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपने तो व्यापार धरला, मग बासने. हिंदुस्थानसाठी केलेली ती फिकी, हॉप्सनी भरलेली बिअर पुढे घरच्यांनाही आवडू लागली. १८३९मध्ये बर्टनला रेल्वे आली आणि ती बिअर देशभर गेली. आज ज्याला बिटर म्हणतात ती याच घराण्यातली. मुंबईच्या बंदरात उतरणाऱ्या पिंपांची नातलग मी दोनशे वर्षांनी तिच्या गावी जाऊन प्यालो, याचं मला नवल वाटलं.

पण हॉप्स तर लंडनमध्येही होते. बर्टनचंच कडू इतकं स्वच्छ का? उत्तर पाण्यात निघालं. बर्टनच्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून झिरपून येतं. त्यातलं सल्फेट हॉप्सचा कडवटपणा धारदार आणि कोरडा करतं. नाकात आलेला गंधकही त्या पाण्याचाच. हे कळल्यावर दुसऱ्या गावचे लोक आपल्या पाण्यात मुद्दाम जिप्सम घालू लागले. आजही घालतात.

जिप्सम! मला पुढचं काही वाचवेना. आमच्या रानात मी जिप्समची पोती ओतलेली आहेत.

आमचा माळशिरस तालुका नीरा उजव्या कालव्यावरचा. भाटघर आणि वीर धरणांचं पाणी इथवर येतं. त्याआधी हा ज्वारी-बाजरीचा मुलूख होता. पाणी आलं तसा ऊस आला, आणि उसापाठोपाठ कारखाने. सासवडच्या माळी मंडळींनी इकडे येऊन १९३०च्या दशकात माळीनगरचा कारखाना काढला, पुढे अकलूजला आणि सदाशिवनगरला सहकारी उभे राहिले. आज पालखीच्या रस्त्याने जाणारा वारकरी कितीतरी वेळ उसामधून चालतो. एवढा गोड तालुका शोधून सापडायचा नाही. आणि या गोडाखालची जमीन हळूहळू खारावली. पाटाचं पाणी काळ्या रानात मुरत राहिलं, निचरा नाही, भूजल वर आलं, उन्हाने पाणी उडालं आणि क्षार मागे राहिले. नीरेच्या डाव्या कालव्यावर बारामतीकडे हे दुखणं इंग्रजी अमलातच दिसलं होतं. उन्हाळ्यात वरवर पांढरं फुललं की रान खारवट. त्याहून पुढची पायरी चोपण. सोडियम मातीच्या कणांना चिकटतं, कण सुटे होऊन भोकं बुजवतात, पावसात चिखल आणि उन्हात दगड. पाणी वर तुंबतं, खाली जात नाही. आमच्या विहिरीकडच्या पट्ट्याचं असंच झालं. तिथल्या उसाचा गूळ खारट लागे आणि नीट बसत नसे.

चोपण रानाला औषध जिप्सम. त्यातलं कॅल्शियम मातीवरच्या सोडियमला हुसकून त्याच्या जागी बसतं. सुटलेलं सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात उतरतं आणि चर काढून निचरा केला असेल तर वाहून जातं. निचरा नसेल तर पोत्यांचे पैसे वाया. शेणखत हवं, ताग-ढैंचा गाडायला हवा, आणि धीर हवा. पट्टा पूर्ण सुधारला असं म्हणवत नाही. अर्ध्यात आता ज्वारी येते.

आता पाहा. सोडियम, जे माझ्या आईच्या हातून कारल्याचं कडू मवाळ करतं आणि गोडाला वाट देतं, तेच रानात गोडाच्या मुळावर उठतं. आणि जिप्सम, जे बर्टनच्या पाण्यात कडूला धार लावतं, ते आमच्या उसाच्या रानाला वाचवतं. काही दिवस मला वाटत होतं की यात काहीतरी मोठं दडलं आहे. गोड म्हणून ज्याच्यामागे लागलो त्याने जमीन बिघडवली आणि कडूच्या घरची वस्तू तिला सावरते, असं काहीतरी. लिहून पाहिलं तेव्हा ते फार जुळून आल्यासारखं दिसलं आणि माझा विश्वास उडाला. रानात काम करतं जिप्सममधलं कॅल्शियम, पेल्यात करतं सल्फेट. एका पोत्यातून आले म्हणून दोघांचा हेतू एक ठरत नाही. रान बिघडवलं ते गोडाने नव्हे, अती पाण्याने. तेच पाणी कुणी मिरचीला तुंबवलं असतं तरी हेच झालं असतं. आणि याच पाण्यावर आणि उसावर माझ्या लेकीचं शिक्षण झालं, ती डर्बीला पोचली. उसाला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही.

दर चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी जातात. सासवडची तेल्या भुतोजीची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन मुंगी घाटाने चढते, माणसं एकमेकांचे हात धरून ती वर देतात. त्या पाण्यात क्षार किती, कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. पण पाण्याला गाव असतं, गावचं पाणी उचलून नेलं की गावच नेल्यासारखं होतं, हे त्या कावडीवाल्यांना बर्टनवाल्यांच्या कितीतरी आधी कळलेलं होतं, असं मला वाटतं. आमच्या विहिरीच्या मचूळ पाण्यातून काय नेता येईल? त्याच पाण्यात शिजलेलं कारलं मी आयुष्यभर खाल्लं. लेकीच्या घरी तेच कारलं, आईच्याच रीतीने करूनही, तिथल्या पाण्यात वेगळं लागलं. जास्त कडू की कमी, मला ठरवता आलं नाही.

आई ऐंशीच्या पुढे आहे. सून चकत्या पिळायला घेते तेव्हा ती अजून आतून सांगते, “लई पिळू नगंस, थोडं ऱ्हाऊ दे.” हे मी कितीतरी वर्षं ऐकलं आणि त्याला भाजीची सूचना समजत आलो. म्हणजे तिला कडू घालवायचं नव्हतंच. मीठ ती घालते ते कडूला खाण्याजोगं करायला, आणि किती राहू द्यायचं ते तिचा हात ठरवतो. बर्टनचा भट्टीवालाही धान्याचा गोडवा घालतो तो कडूला उभं राहता यावं एवढाच. मग म्हणीतल्या माणसाला कारलं गोड करायचं होतं, हे मी कशावरून धरून चाललो? तोही तुपात तळून, साखरेत घोळून, शेवटी चाखत असेल आणि आत कडू शाबूत सापडलं म्हणून “कडू ते कडूच” म्हणाला असेल. वैतागून म्हणाला की समाधानाने, म्हणीत आवाज राहिलेला नाही. समाधानाने म्हणाला असेल तर मिठाबद्दलचं माझं सगळं बोलणं गळून पडतं, कारण मग तो मीठ विसरलेला नव्हता. पिळून टाकायचं असं त्याच्याकडे काही नव्हतंच.