हवेली, बंदर आणि मुक्कामाची गाडी

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात क्रोमर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे आणि तिथून जेमतेम दोन-तीन मैलांवर फेलब्रिग हॉल ही सतराव्या शतकातली हवेली. नोकरीतून मोकळं झालेलं एखादं जोडपं जवळच्या शेतात कॅरॅव्हान लावतं, सकाळी हवेली पाहतं, दुपारी क्रोमरच्या किनाऱ्यावर खेकडा खातं आणि संध्याकाळी गाडीवर परततं. अशा सहलीकडे बरीच जाणती माणसं नाक मुरडून बघतात. दोन तासांत कसला इतिहास कळणार, आणि किनाऱ्यावर चहा प्यायला एवढा संसार मोटारीमागे ओढत कशाला न्यायचा, असं त्यांचं म्हणणं. मला उलट वाटतं. एकाच दिवसात हवेली आणि समुद्र पाहणं ही जुनी वास्तू समजून घेण्याची फार चांगली रीत आहे. हवेली मालकाची बाजू सांगते. त्याच प्रदेशातल्या कष्टकऱ्यांची बाजू ऐकायची तर बंदरावरच जावं लागतं.

फेलब्रिगच्या दर्शनी भागावर, छताच्या कठड्यात, दगडातच मोठी अक्षरं कोरून काढलेली आहेत: ग्लोरिया देओ इन एक्सेल्सिस. स्वर्गस्थ देवाचा जयजयकार असो, हा त्याचा अर्थ. अक्षरांच्या मधून आरपार आभाळ दिसतं. आत अठराव्या शतकातल्या विल्यम विंडहॅमनं इटलीच्या प्रवासातून आणलेली चित्रं त्यांच्यासाठी खास सजवलेल्या दालनात टांगली आहेत, मागे उंच भिंतींनी वेढलेली बाग आहे आणि तिच्यात कबुतरखाना. हे सगळं सुंदर आहे, आणि पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलं असेल असं वाटायला लावणारं आहे. प्रत्यक्षात एका उधळ्या वारसाच्या हातून ही मिळकत १८६३च्या सुमारास गेली आणि नॉर्विचच्या जॉन केटन या व्यापाऱ्यानं ती घेतली. या घराण्यातले शेवटचे मालक रॉबर्ट विंडहॅम केटन-क्रेमर हे नावाजलेले चरित्रकार. ते अविवाहित होते आणि धाकटा भाऊ १९४१ मध्ये क्रीटच्या लढाईत मारला गेला होता. १९६९ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रानुसार हवेली नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली. घर लोकांना खुलं झालं ते असं, एका घराण्याचा वंश थांबल्यावर.

ट्रस्टचा मूळ हेतू मात्र हवेल्या सांभाळण्याचा नव्हताच. लंडनच्या गरीब वस्त्यांत आयुष्यभर काम केलेल्या ऑक्टेव्हिया हिल यांनी दोन सहकाऱ्यांसह १८९५ मध्ये ही संस्था काढली, ती गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या माणसाला मोकळी हवा मिळावी म्हणून. संस्थेला मिळालेली पहिली जमीन वेल्समधल्या बारमथ गावावरचा, समुद्राकडे बघणारा साडेचार एकरांचा डोंगरउतार होता. वारसाकराच्या ओझ्यानं जमीनदारांना घरं राखणं अशक्य झालं, १९३७ मध्ये कायद्यानं वाट करून दिली आणि मग हवेल्या येऊ लागल्या. १९६५ मध्ये ‘नेपच्यून’ मोहिमेतून ट्रस्टनं किनारा मोठ्या प्रमाणावर विकत घ्यायला सुरुवात केली. म्हणजे सकाळी हवेली आणि दुपारी समुद्र हा बेत मूळ हेतूशी अगदी सुसंगत आहे.

क्रोमरला गेल्यावर काय दिसतं? १९०१चा धक्का समुद्रात लांब गेलेला, त्याच्यावर नाट्यगृह आणि अगदी टोकाला जीवरक्षक बोटीचं ठाणं. हेन्री ब्लॉग हा या बोटीचा तांडेल. एरवी तो खेकडे पकडायचा आणि किनाऱ्यावर खुर्च्या भाड्यानं द्यायचा. ५३ वर्षांच्या सेवेत त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी ८७३ जीव वाचवले आणि जीवरक्षक संस्थेचं सुवर्णपदक त्याला तीनदा मिळालं. फेलब्रिगच्या दालनांत टांगलेल्या तैलचित्रांतल्या माणसांपेक्षा हा माणूस मला तसूभरही लहान वाटत नाही. पण नुसती हवेली पाहून परतणाऱ्याला त्याचं नावही कळणार नाही.

काहींचा आक्षेप याहून मुळातला आहे: या हवेल्या अन्यायाच्या पैशावर उभ्या राहिल्या, मग त्यांचं कौतुक कशाला? आक्षेपात तथ्य आहे. आपल्या अनेक वास्तूंचा गुलामगिरीशी आणि वसाहतींशी काय संबंध होता, याचा अहवाल ट्रस्टनं २०२० मध्ये स्वतःच प्रसिद्ध केला. वेल्समधल्या पोइस कॅसलमध्ये क्लाइव्ह घराण्यानं भारतातून नेलेल्या वस्तू आहेत. त्या पाहताना आपल्या मनात चीड आली तर ती योग्यच आहे. पण दारं बंद केल्यानं तो पैसा परत येत नाही, फक्त पुरावा नजरेआड होतो. सामान्य माणसांनी मोठ्या संख्येनं तिथे जावं आणि प्रश्न विचारावेत, हेच बरं.

उरली कॅरॅव्हान. अरुंद रस्त्यावर तिच्यामागे रांग लागते, हे खरंच आहे. ब्रिटनमध्ये साध्या रस्त्यावर तिला ताशी ५० मैलांची मर्यादा आहे. कड्यांवर दाटीवाटीनं कायमच्या उभ्या केलेल्या कॅरॅव्हानच्या वसाहती मलाही बघवत नाहीत. फिरत्या गाडीची गोष्ट वेगळी. १९६०च्या कायद्यामुळे मान्यताप्राप्त क्लबच्या सभासदांना शेतकऱ्याच्या जागेत उतरता येतं, एका वेळी जास्तीत जास्त पाच गाड्या. गाडी निघून गेली की मागे गवतच राहतं. आणि त्या परिसरात मुक्काम असल्यामुळे घाई नसते. पाऊस आला तर हवेली आज, समुद्र उद्या. महागड्या हॉटेलाच्या एका रात्रीत ही सवड मिळत नाही, आणि सवडीशिवाय दुसरी बाजू पाहायला कोणी वळत नाही.

आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्यांसाठी जागा, पाणी, वीज यांचा विचार त्यात आहे, तो हवाच. रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजाला जिथे ठेवलं होतं तो थिबा राजवाडा आणि मिरकरवाड्याचं मासेमारी बंदर एकमेकांपासून फार लांब नाहीत. कोकणात जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे: राजवाडा पाहा, आणि त्याच दिवशी बंदरावरही जा.