कोपऱ्यांचा हिशेब

मातोश्री निवर्तल्यानंतर, त्यांच्या इच्छेनुसार, त्यांचे चांदीचे ताट व तांब्या आटवून कुलदेवतेच्या तसबिरीस चौकट करण्याचे आम्ही योजिले. तसबीर १८ इंच रुंद व २४ इंच उंच. फोंड्याच्या सोनारशेटनी ठोकून दिलेला पत्रा १२ इंच रुंद व २४ इंच लांब, म्हणजे २८८ चौरस इंच भरला. लाकडी चौकटीच्या केवळ दर्शनी अंगावर तो मढवावयाचा. बाहेरची चांदी घालावयाची नाही आणि मातोश्रींची उरवावयाचीही नाही, असा आमचा हट्ट. तेव्हा चौकटीची पट्टी किती रुंद धरावी?

वकिलास भागाकार पुरतो, अशी आमची समजूत. तसबिरीची परिमिती ८४ इंच, २८८ ला ८४ ने भागिले, उत्तर ३.४३ इंच. कागद पाहून वृद्ध शेट एवढेच म्हणाले, “वकीलबाब, कोनशे कोण भरतलो?”

चारही कोपरे आमच्या हिशेबातून गळाले होते! मोजणीदाराची असली चूक उलटतपासणीत आम्ही सहजासहजी सोडली नसती. त्या मापाने पत्रा कापला असता तर ४७ चौरस इंच चांदी कमी पडती. आणि मातोश्रींचे दुसरे ताट आम्ही कोठून आणणार होतो?

रात्री पुन्हा मांडणी केली. कोपऱ्यांसह चौकटीचे क्षेत्रफळ म्हणजे रुंदीच्या वर्गाची चौपट अधिक रुंदीची ८४ पट. ते २८८ व्हावयास हवे. भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त श्रीधराचार्यांची वर्ग पुरा करण्याची रीत दिली आहे, ती शाळेनंतर प्रथमच कामी आली. दोहोंकडे २१ चा वर्ग, ४४१, मिळविला. रुंदीची दुप्पट अधिक २१, यांचा वर्ग ७२९, वर्गमूळ २७. अर्थात रुंदी नेमकी तीन इंच.

शेटनी पत्र्याच्या तीन-तीन इंची चार पट्ट्या केल्या. दोहोंचे तीन-तीन इंच कापून ते तुकडे उरलेल्या दोहोंस डाख देऊन सांधले. २१ इंचांच्या दोन, २७ इंचांच्या दोन. प्रत्येकीच्या एका टोकाने एकेक कोपरा व्यापिला. सांधे नक्षीखाली गेले. कानशीचा कीस तेवढा उरला. तो शेटनी कागदाच्या पुडीत बांधून आमच्या हाती दिला.