डाय होल्डर, मुक्काम उद्यमनगर

दिसायला तो अगदी साधा. ४५ मिलिमीटर जाडीच्या एमएस बारचा बोटभर तुकडा. बाहेरून नर्लिंग, एका तोंडाला एक इंची गोल डाय बसेल एवढी खाच, कडेला तीन ग्रब स्क्रू आणि पोटातून आरपार बोअर. त्या बोअरमध्ये आर्बर सरकतो आणि आर्बरचं मागचं निमुळतं टोक लेथच्या टेलस्टॉकमध्ये जाऊन बसतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपात तो राहतो. ज्या लेथवर तो राबतो, त्याच लेथवर मिस्त्रींनी त्याला घडवलं.

बारवर सरळ आटे पाडायचे, एवढंच त्याचं काम. डाय हँडलात धरून हातानं फिरवली आणि सुरुवातीलाच जरा तिरकी चढली, की पुढचा सगळा स्टड तिरक्या आट्याचा होतो. नट चढतो, पण आवळताना एकाच अंगाला टेकतो. पंपाच्या ग्लँडला असा स्टड लागला की ग्लँड एकीकडे दाबली जाते आणि पाणी गळतं ते गळतंच. टूलनं आटे काढता येतात हे खरं. गिअर लावा, ६० अंशाचं टूल घासा, हाफ नट टाका, पासवर पास घ्या. मोठ्या आट्याला तोच रस्ता. पण ८ मिलिमीटरचे स्टड ढिगानं करायचे आणि गिऱ्हाईक दारात उभं, अशा वेळी याला पर्याय नाही.

त्याची खरी करामत बोअरच्या फिटिंगमध्ये आहे. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्याचा पीच सव्वा मिलिमीटर. चकचा एक फेरा झाला की डायनं बरोबर सव्वा मिलिमीटर पुढं जायलाच हवं. टेलस्टॉकचं चाक फिरवून हाताला हा मेळ साधत नाही. जरा जास्त रेटलं किंवा जरा मागं राहिलं की कोवळे आटे सोलून निघतात. म्हणून डाय टेलस्टॉकला जखडायची नाही. आर्बर जागच्या जागी पक्का, बॉडी मात्र त्याच्यावर पुढं सरकायला मोकळी. बॉडीला लावलेला आडवा दांडा टूलपोस्टला टेकवून तिचं फिरणं तेवढं अडवायचं. डाय आपल्याच आट्यांना धरून पुढं ओढली जाते, तिला कुणी ढकलावं लागत नाही. बोअर किती मोकळा ठेवायचा हे मिस्त्री वजनावर ठरवतात. आर्बर उभा धरून तेल लावलेली बॉडी वरून सोडायची; ती आपल्या वजनानं सावकाश उतरली तर जमलं. धाडकन पडली तर ढिली, मधेच थबकली तर अजून रिमर मागते.

आर्बरचा टेपर करणं हे सगळ्यात देखणं काम. दोन नंबरचा मोर्स टेपर म्हणजे मध्यरेषेपासून दीड अंशाहूनही किंचित कमी कल. कंपाउंड स्लाइडवरच्या खुणा बघून तो साधत नाही. म्हणून ड्रिल चकचा एक चांगला आर्बर दोन सेंटरमध्ये धरायचा, स्लाइडवर डायल गेज लावायचा आणि त्याच्या अंगावरून हळूहळू न्यायचा. काटा हलला की स्लाइडला बारीक टिचकी, पुन्हा फेरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत काटा जागचा हलला नाही, की कोन आपोआप बांधला गेला; अंश, मिनिटं मोजायची गरजच उरत नाही. मग नवा बार चढवायचा आणि त्याच कोनात टेपर काढायचा. झाल्यावर निळा रंग लावून स्लीव्हमध्ये फिरवायचा. रंग सगळीकडे सारखा पुसला गेला तरच तो पास. बॉडीची खाच आणि बोअरही एकाच सेटिंगमध्ये करायचे. मधे चक सैल केला तर दोन्हींची मध्यरेषा चुकते आणि मग या सगळ्या खटाटोपाला अर्थ राहत नाही.

आपलं हत्यार आपणच घडवणं या शहराला नवीन नाही. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीनं सिनेमाचा कॅमेरा इथंच तयार केला आणि १९२० चा ‘सैरंध्री’ त्याच्यावर टिपला. शेजारी किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना धडधडत होता. हवी ती वस्तू मिळत नसेल तर ती करण्यासाठी आधी हत्यार करायचं, ही या भागाची जुनी सवय. ऑइल इंजिनांचा धंदा इथं वाढला तोही याच सवयीवर, असं मला वाटतं.

जुन्या इंजिनांचे सुटे भाग आजही दुरुस्तीला येतात, तेव्हा होल्डरच्या तोंडात वेगळी डाय बसते. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये मांडलेला ५५ अंशांचा आटा. त्यातला ५/१६ इंची बोल्ट ८ मिलिमीटरच्या इतका जवळचा की मेट्रिक नट त्याच्यावर दोन-तीन फेरे चढतो आणि मग आवळून बसतो. नवखी पोरं तिथं पाना लावून जोर करतात. मिस्त्री आधी पीच गेज लावतात. होल्डरला दोन्ही आटे सारखेच. मधला स्क्रू आवळून फट असलेली डाय जराशी उघडायची, एक हलका पास घ्यायचा, मग तो सैल करून बाजूचे दोन आवळायचे आणि मापाचा पास. काळ्या तेलातून चकचकीत कीस वळत बाहेर येतो. नट बोटांनी चढतो, कुठं अडत नाही, डुगडुगतही नाही.

शेजारच्या शेडमधला पोरगा परवा तो मागायला आला होता. त्याच्या लेथचा टेलस्टॉक तीन नंबरचा, आर्बर तिथं पक्का बसला नसता. मिस्त्रींनी रॅकखालून ४५ चा एक तुकडा काढला, त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, “तुझ्या लेथवर तूच कर की. डायल माझा घेऊन जा.”