उघड्यावरची घरटी

चैत्र उजाडेपर्यंत वैरागच्या आसपासची रानं मोकळी झालेली असतात. शाळूची काढणी आटोपते, कडब्याच्या गंजी रचून होतात, तूर कधीच आडतीवर गेलेली असते. बांधावरचे कडुनिंब तेवढे फुलावर येतात आणि पहाटेच्या हवेला त्यांचा कडसर गोड वास असतो. या दिवसांत रानात फिरायचं तर दिवस उगवायच्या आत गाव मागे पडलं पाहिजे. नऊ वाजले की ऊन चावायला लागतं आणि दुपारी पारा चाळिशी ओलांडतो.

या दिवसांत पाहुणे निघायच्या तयारीत असतात. हुरड्याच्या दिवसांत ज्यांच्यासाठी गोफणी फिरल्या, त्या भोरड्या आता बाभळींवर दाटीनं बसून एकच कलकलाट करतात. त्यांची पाठ-पोट गुलाबी, डोकं आणि पंख काळे. एखाद्या सकाळी बाभळी रिकाम्या दिसतात. थवे मध्य आशियाच्या वाटेला लागलेले असतात. त्यांची पिलं तिकडेच जन्मतात. पिवळ्याधमक पोटाचे, काळ्या डोक्याचे भारीटही याच सुमारास पश्चिमेकडे परततात.

ते गेले की माळ सुना होतो, असं लांबून वाटतं. कुसळी गवत वाळून सोनेरी झालेलं, मुरमाड जमीन उघडी पडलेली, बोरी-बाभळींची तुरळक सावली. पण इथल्या कितीतरी पक्ष्यांचा विणीचा काळ नेमका हाच. झाड नाही, ढोली नाही, काडी-कापसाची फारशी तयारी नाही. जमिनीवरचा एक उथळ खळगा, तेवढंच त्यांचं घर.

त्या घराची राखण आधी कानांना कळते. डोंबारी नावाचा चिमणीएवढा चंडोल सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकायच्या आत सावरतो आणि लांब शीळ घालत पुन्हा वर जातो. कोवळं ऊन असेतो त्याचा हा खेळ चालतो. खाली ढेकळाच्या आडोशाला मादी अंड्यांवर बसलेली असते. धाविकाची रीत वेगळी. तो चार पावलं पळतो, थांबतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा पळतो. तो थांबला की मातीत मिसळून जातो आणि आपली नजर त्याला शोधत राहते.

माळटिटवी तर समोर असून सापडत नाही. तिची अंडी खड्यांच्याच रंगाची, ठिपक्या-ठिपक्यांची. ती जवळजवळ चार आठवडे उबवावी लागतात. पण वैशाखात ऊब देण्यापेक्षा उन्हापासून जपणंच मोठं. ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते. जवळ पाणी असेल तर पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओलीनं अंडी थंड ठेवते. शेळ्या घेऊन निघालेला धनगर तिचा आरडाओरडा ऐकला की कळप वळवतो. “तिकडनं नका जाऊ मामा, टिटवीनं अंडी घातल्यात,” असं मलाही एकदा सांगितलं गेलं. टिटवीची चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, हा अंदाज खरा ठरो न ठरो, त्या समजुतीनं किती खळगे खुरांखाली येण्यापासून वाचले असतील!

जवळगावच्या तलावाकाठी ऊन थोडं वर आलं की पखुर्ड्यांचे थवे उतरतात. त्यांतला एखादा नर पाण्यात पोट बुडवून बसतो. त्याच्या पोटाच्या पिसांत पाणी धरून ठेवायची सोय असते. ते पाणी घेऊन तो लांबवरच्या माळावर पिलांकडे उडतो आणि पिलं त्याच्या पिसांतून पाणी ओढून पितात. चाळीस अंशांच्या उन्हात एक बाप पिसांतून पिलांची तहान भागवत असतो, हे कळल्यापासून मला हा माळ कधी कोरडा वाटला नाही.

वैरागहून सोलापूरकडे जाताना नान्नज लागतं. त्या माळांवर काळविटांचे कळप चरतात आणि नशीब असेल तर पहाटे लांडगा दिसतो. माळढोकासाठी १९७९ मध्ये या भागात अभयारण्य जाहीर झालं. इतका थोरला पक्षी, पण तोही बहुधा एकच अंडं घालतो आणि तेही उघड्या जमिनीवरच. २०११ मध्ये जगभरच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावरचा ठरला. आज तो नान्नजला दिसणं फार दुर्मीळ झालं आहे. गवत तुटक-तुटक होत गेलं आणि त्याला लागणारा मोकळा विस्तार उरला नाही.

डोंबारी, टिटवी, पखुर्डी अजून आहेत. त्यांना अभयारण्य लागत नाही. आपल्या शिवारातला गवताचा तुकडा पुरतो. पण याच दिवसांत पेरणीपूर्व साफसफाई म्हणून बांध पेटवले जातात आणि वाऱ्यानं आग माळावर जाते. मोठे पक्षी उडतात. अंडी आणि पिलं जागेवर जळतात. गवत काढायचंच असेल तर विळ्यानं कापावं, जनावरांना घालावं. ओसाड दिसतो म्हणून माळावर झाडांसाठी खड्डे घेण्याआधी एक सकाळ तिथं फिरून यावं. पाऊल टाकण्याआधी जमीन न्याहाळावी आणि टिटवी ओरडली की वाट बदलावी. मृगाच्या पावसाआधी या माळावर एक पिढी वाढायची असते. तेवढे दोन-तीन महिने तो त्यांचा आहे, एवढं आपण मानलं तरी पुष्कळ होईल.