पीटरहॉफचं खरेपण

ती. दादास,


पीटरहॉफचा राजवाडा म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर उभी केलेली प्रतिकृती, त्यात इतिहास उरलेला नाही, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. खरेपण भिंतींवरच्या मुलाम्यात शोधलं तर तुझंच बरोबर ठरेल. पण पीटरहॉफ हे आधी पाण्याचं काम आहे आणि मग राजवाडा. रशियाचा झार पहिला पीटर यानं समुद्राकाठच्या उन्हाळी महालासाठी आधी स्ट्रेल्नाची जागा धरली होती. तिथे कारंजी उडवायची तर पाणी वर चढवावं लागलं असतं, म्हणून मुख्य बेत पश्चिमेला, पीटरहॉफला हलला. 1717 मध्ये त्यानं व्हर्साय पाहिलं होतं. त्या बागेसाठी मार्लीला 14 चाकांचं अवाढव्य यंत्र सीन नदीचं पाणी उपसत असे, तरी सगळी कारंजी एकाच वेळी चालू ठेवण्याइतकं पाणी पुरत नसे. पीटरहॉफला मात्र रोपशाच्या टेकाडांवरून, जवळजवळ 22 किलोमीटरवरून, पाणी आपल्या उतारानं येतं. 1721 मध्ये अभियंता वासिली तुवोल्कोवच्या देखरेखीखाली त्यासाठी कालवा खोदला गेला. पाणी उंचावरच्या तळ्यांत साठतं आणि नळांतून खालच्या बागेत उतरतं. त्या उतरणीचा दाबच त्याला वर फेकतो, पंप लागत नाही. सिंहाचा जबडा फाडणाऱ्या सॅमसनची धार अशीच सुमारे 20 मीटर उंच जाते.

सप्टेंबर 1941 ते जानेवारी 1944 पीटरहॉफ जर्मन सैन्याच्या ताब्यात होतं. संग्रहालयाच्या लोकांनी त्याआधीच हजारो वस्तू हलवल्या होत्या, काही पुतळे बागेतच जमिनीत पुरले होते. राजवाडा जळाला, सॅमसन नाहीसा झाला. तरी ऑगस्ट 1946 मध्ये कारंजी पुन्हा सुरू झाली. राजवाड्याच्या दालनांना मात्र त्यापुढे कित्येक वर्षं लागली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. नळ आणि बांध दुरुस्त करावे लागले, पण जमिनीचा उतार कुणाला जाळता आला नव्हता. तू विचारशील, 1947 मध्ये पुन्हा बसवलेला सॅमसन तरी नवाच ना? नवाच. पण जो चोरीला गेला तोही मूळचा नव्हता. पोल्टाव्हाच्या लढाईतल्या विजयाची आठवण म्हणून 1735 च्या सुमारास बसवलेला पुतळा शिशाचा होता. तो झिजल्यावर 1802 मध्ये शिल्पकार कोझलोव्स्कीनं घडवलेला ब्राँझचा पुतळा त्या जागी आला. म्हणजे पुतळा बदलत राहणं हीच इथली रीत आहे.

तुझा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: हा सगळा थाट सैनिकांच्या आणि वेठीला धरलेल्या शेतकऱ्यांच्या कष्टांवर उभा आहे. हे मला मान्य आहे. उतारानं पाणी उपसण्याचे कष्ट वाचवले. कालवा खोदणाऱ्यांचे वाचवले नाहीत. पण म्हणूनच माझा आग्रह अधिक आहे. मुलामा पाहणाऱ्याला फक्त झार दिसतो. कालवा पाहणाऱ्याला तो कुणी आखला आणि कुणी खणला हे विचारावंच लागतं. तेव्हा प्रतिकृती म्हणून पीटरहॉफ निकालात काढू नकोस. जपायचा असेल तर दालनांच्या आधी तो कालवा, ती तळी आणि ते नळ जपायला हवेत, आणि सोनेरी पुतळ्यांपाशी थांबणाऱ्या माणसाला तिथपर्यंत न्यायला हवं.

वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी बहीण